बहात्तर किलो जास्त

लोअर हट
३ ऑगस्ट २०२५

प्रिय हरीशभावजी,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघू वहिनी" म्हणत दोन मिनिटांत निसटता. पत्र टेबलावर पडून राहतं आणि मुग्धाच्याही हाती लागतं, म्हणून हा उद्योग.

बातमी अशी, की मी काल कॅरव्हानवरचं कव्हर काढलं. गेल्या ऑक्टोबरपासून ती ड्राइव्हवेत झाकून उभी होती. रोज कामावर जाताना तिच्या अंगाला घासून गाडी काढायची आणि तिच्याकडे बघायचं नाही, हे मी साडेनऊ महिने जमवलं. आत वास येईल, बुरशी असेल, अशी मनाची तयारी करून दार उघडलं. काही नव्हतं. श्यामनं लावून ठेवलेले कप तसेच होते, आणि ज्या बाकावर तो शेजाऱ्यांना सापडला त्यावरची उशीही तशीच होती. मी ती झटकून उन्हात ठेवली.

मी उत्तरेला जाणार आहे. थेट केप रिएंगापर्यंत, न्यूझीलंडच्या शेवटच्या टोकाला, व्हॅन मागे जोडून, श्यामच्या एक्सेल शीटमध्ये लिहिलंय त्याच रस्त्यानं आणि त्याच मुक्कामांनी. गेल्या वर्षी शुक्रवारी निघायचं होतं आणि मंगळवारी तो गेला. पंधरा ऑक्टोबरला वर्ष होईल. तिथीनं की तारखेनं हा वाद नको, मला त्या दिवशी केपला असायचंय. सिद्धीला मेलबर्नला फोन केला तर लेक रडायला लागली. आठ महिन्यांचं बाळ कडेवर, ती कुठून येणार. आरोहाला, म्हणजे फार्मसीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या माओरी बाईला, सांगितलं. म्हणाली, आमची माणसं गेली की त्याच टोकावरून पुढे जातात, तिथे काही खाऊपिऊ नकोस. आपल्याकडे दक्षिण यमाची, इथे मेलेली माणसं उत्तरेला जातात. श्याम इथे चोवीस वर्षं राहिला. तो कुठल्या वाटेनं गेला असेल, हे मला खरंच कळत नाही.

हसाल तर हसा, पण मला ते दहाव्याचं अजून पटलेलं नाही. पेटोनीच्या किनाऱ्यावर तुम्ही पिंड ठेवला आणि हात मागे घ्यायच्या आत तीन सीगल त्यावर तुटून पडले. झूमवरून गुरुजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे, लगेच शिवला. सीगल चिप्सवरही तसेच तुटून पडतात. शेजारच्या बाकावरचं कुटुंब तेच खात होतं. कावळा थांबतो, आपण काय राहिलं असेल ते आठवून बोलतो, शब्द देतो, मग तो शिवतो. इथे कुणाला काही बोलायची वेळच मिळाली नाही. त्याचं काहीतरी राहिलंय, आणि ते ही ट्रिपच असणार, असं मी धरून चालले आहे.

शीटमध्ये लिहिलंय, "हॅमिल्टनपासून पुढे हरीश आणि मी आलटून पालटून. वसू चहा करेल." चहा मी करणार नाही, गाडी चालवेन. पण हॅमिल्टनपासून तुम्ही हवेत. याल ना?

तुमची,
वसुंधरावहिनी


हॅमिल्टन
१२ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस,

सा. न. पत्र आलं. मुग्धानं आधी वाचलं, म्हणजे तुमचा डाव बरोबर लागला.

वहिनी, तुमच्या धाडसाचं कौतुक आहे, पण मागे तेराशे किलो ओढत हजार किलोमीटर जाणं म्हणजे सिटी सेंटरला जाणं नव्हे. दादा यंत्रांचा माणूस होता, त्यानं वर्षभर सराव केला होता. तुम्ही आजवर सुपरमार्केटातली ट्रॉलीसुद्धा त्याच्याकडून ढकलून घेतलीत. जाणारच असाल तर आधी हे करा. टायर वर्षभर एकाच जागी उभे होते, ते तपासून घ्या. फिटनेसचं वॉरंट संपलं असेल. बॅटरीचं मेन स्विच चालू करून दिवे बघा. भरलेली व्हॅन वजनकाट्यावर नेऊन शीटमधल्या आकड्याशी ताडून पाहा, कारण वजन मागे गेलं तर ती शेपटासारखी हलते आणि गाडीला घेऊन रस्ता सोडते. नव्वदच्या वर जायचं नाही. डेझर्ट रोडवर वारा असेल तर वायोरूला थांबायचं.

माझं मात्र या वेळी जमेलसं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्या दोन डेअरी प्लांटांचा ऐन हंगाम असतो, तेव्हा इंजिनिअरला रजा कोण देणार. नीलची परीक्षा तोंडावर आहे. शिवाय माझा गुडघा. तुम्ही इथे मुक्काम कराच, मुग्धा वाट बघतेय. नील म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, काकू." म्हणजे एकदम झकास. त्याला बिचाऱ्याला वाटतंय तुम्ही सुट्टीवर निघालात.

सीगलचं मनावर घेऊ नका. गुरुजींना इथल्या पक्ष्यांचं काय माहीत.

तुमचा,
हरीश


लोअर हट
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय हरीशभावजी,

तीन कारणं एका दमात म्हणजे एकही खरं नाही. फार्मसीच्या काउंटरवर मी हेच ओळखते. राहू दे, मी पुन्हा विचारेनच.

तुमची यादी घेऊन बसले. टायर बदलले. वॉरंट मिळालं. अपर हटला एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरकडे चार रविवार शिकायला लागले आहे, त्यातले दोन झाले. रिव्हर्स घेताना व्हॅन उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे वळवायचं. तो म्हणाला, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. म्हटलं, एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

आता जे लिहिते ते नीट वाचा आणि मुग्धाला दाखवू नका.

तुम्ही सांगितलंत म्हणून काल व्हॅन वजनकाट्यावर नेली. श्यामच्या शीटमध्ये प्रत्येक वस्तूचं वजन आहे, चमच्यांचंसुद्धा. शीटपेक्षा व्हॅन बहात्तर किलो जास्त भरली. काट्यावरच्या माणसाला पुन्हा करायला लावलं. तेवढंच. घरी येऊन मी सगळं सामान बाहेर काढून बाथरूममधल्या काट्यावर एकेक मोजलं. शीट बरोबर आहे. एक किलोचाही फरक नाही. मग बहात्तर किलो कसले? भावजी, गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची तपासणी झाली होती, कागद माझ्या फायलीत आहे. वजन, बहात्तर.

आणि दुसरं. तुम्ही म्हणालात म्हणून मेन स्विच चालू केला, त्या दिवसापासून व्हॅनमध्ये कुणीतरी हात धुतं. मी संध्याकाळी कामावरून येऊन तिथे बाकावर बसते, आणि सिंकखालचा पंप आपोआप दोन सेकंद गुर्र करून थांबतो. नळ बंद असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा. श्याम दिवसातून किती वेळा हात धुवायचा, तुम्हाला माहीत आहे, तुमची आई त्याला सोवळ्याची म्हातारी म्हणायची. पहिल्या दिवशी मी पळून घरात गेले. आता पळत नाही. पंप वाजला की मी "झालं का?" असं विचारते. मग बाहेर येऊन भाजी चिरते.

मी फार्मसिस्ट आहे. दुःखानं माणसाला काय काय ऐकू येतं, हे मला पाठ आहे. तरी सांगते, मला भीती वाटते, आणि पंप एखाद्या दिवशी वाजला नाही तर त्याहून जास्त वाटते. तो तिथे असेल तर त्याला त्या बाकावर तसाच ठेवून मी घरात जेवते कशी, हे मनातून जात नाही. मला त्याला तिथून सोडवायचंय. म्हणून केपला जायचंय. बाकी सगळं वर्षश्राद्ध वगैरे लोकांना सांगायला आहे.

वसुंधरा


हॅमिल्टन
२९ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस,

पत्र मिळालं. लगेच लिहायला बसलो. वहिनी, कृपा करून त्या व्हॅनमध्ये एकट्या बसू नका, आणि हे नीट ऐका, कारण याचं अगदी साधं उत्तर आहे.

बाकाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. ती भरलेली आहे. दादाची शीट टाकी रिकामी धरून केलेली आहे, आम्ही दोघांनी बसून केली होती. टाकी साधारण सत्तर-बहात्तर लिटरची, म्हणजे तुमचे बहात्तर किलो. आणि टाकीत पाणी असून कुठेतरी बारीक गळती असली, एखादा वॉशर सुकला असला, की पाइपमधला दाब हळूहळू उतरतो आणि तो भरून काढायला पंप दोन सेकंद चालतो. तुम्ही मेन स्विच चालू केलात, म्हणून आत्ताच सुरू झालं. जगातल्या अर्ध्या कॅरव्हान असंच करतात. तिथे कुणीही हात धूत नाही.

त्या मंगळवारी सकाळी दादानं टाकी काठोकाठ भरली होती. पाण्याचा होस हिवाळ्यात फाटला होता म्हणून बादलीनं भरली, नऊ खेपा झाल्या, शेवटी दमून दारातल्या पायरीवर बसला होता. तेच पाणी ते. वर्षाचं शिळं पाणी आहे, पिऊ नका. टाकीखाली निळी तोटी आहे, ती उघडून सगळं सोडून द्या आणि टाकी ब्लीचच्या पाण्यानं धुऊन घ्या. वजनही उतरेल आणि आवाजही थांबेल.

तुमच्या मनाला शांतता मिळावी एवढंच वाटतं.

हरीश


लोअर हट
३ सप्टेंबर २०२५

हरीशभावजी,

बाकाखाली टाकी आहे आणि ती भरलेली आहे. तुमचं बरोबर होतं.

एकच विचारते. तुम्ही त्या संध्याकाळी इथे आलात तेव्हा मला, सिद्धीला, पोलिसांना, सगळ्यांना सांगितलंत की दादाशी शेवटचं बोलणं रविवारी झालं, छान मजेत होता. बादली मला दहाव्यानंतर व्हॅनच्या चाकामागे सापडली. मी ती कुणालाही न सांगता गॅरेजमध्ये ठेवून दिली. टाकी मंगळवारी भरली, बादलीनं भरली, नऊ खेपा झाल्या आणि तो पायरीवर बसला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

पाणी मी सोडलेलं नाही.

वसुंधरा


हॅमिल्टन
३० सप्टेंबर २०२५

ती. वहिनींस,

जवळजवळ महिना झाला. तुम्ही फोन केला नाहीत, मीही केला नाही. चार वेळा पत्र लिहून फाडलं. मुग्धानं विचारलं तेव्हा तिला काल सगळं सांगितलं, वर्षभरात पहिल्यांदा. ती म्हणाली, आता वहिनींना लिहिल्याशिवाय माझ्याशी बोलू नका. म्हणून लिहितो.

दादानं मला मंगळवारी सकाळी नऊला दहा कमी असताना फोन केला. तुम्ही कामावर गेला होतात. हसत होता. म्हणाला, "तुझी टाकी भरली रे, बादलीनं, नऊ खेपा." मग म्हणाला, घाम फार आलाय आणि जबडा दुखतोय, डाव्या हाताला मुंग्या आल्यात. पायरीवर बसलोय. "वसूला फोन करू का?"

मी गाडीत होतो, प्लांटच्या गेटवर. नऊला मीटिंग होती. वहिनी, मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "वहिनींना सांगितलंस तर संपलं. त्या ट्रिप रद्द करतील. अ‍ॅसिडिटी असेल, गोळी घे, अर्धा तास आडवा पड, मग मला फोन कर." तुम्हीही जाणता, दोन वर्षांपूर्वी त्याचं बीपी जरा वाढलं म्हणून तुम्ही साउथ आयलंडची ट्रिप आदल्या दिवशी रद्द केली होतीत, आणि त्याच्या आधीची वादळाच्या अंदाजावरून. दादा महिनाभर तोंड पाडून होता. मला वाटलं मी त्याची बाजू घेतोय.

मीटिंग लांबली. साडेअकराला आठवलं, त्याचा फोन नाही. मी केला नाही. म्हटलं झोपला असेल. एक वाजून गेल्यावर तुमचा आला.

मी खोटं बोललो. पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं आणि मग त्याच्यावर वर्ष चढत गेलं. पेटोनीला पिंड ठेवताना माझ्या तोंडात शब्द होते. मी म्हणणार होतो, दादा, मी वहिनींना सगळं सांगेन. मनात होतं की कावळा मी हे म्हणेपर्यंत शिवायचाच नाही, इथे कावळा नसला म्हणून काय झालं. सीगल थांबले नाहीत. गुरुजी तृप्त म्हणाले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही शरम वाटते. तुम्ही त्याच किनाऱ्याबद्दल लिहिलंत तेव्हा पत्र हातातून खाली ठेवलं होतं.

ट्रिपला म्हणून येत नव्हतो. गुडघ्याला काही झालेलं नाही. त्या बाकावर मी बसू शकत नाही.

मला माफ करा असं लिहायचा मला हक्क नाही. काय करू तेवढं सांगा.

हरीश


लोअर हट
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय हरीशभावजी,

मला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मी श्यामचा फोन उघडला होता. तुमचं नाव, आठ पन्नास, सहा मिनिटं. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून रविवार म्हणत होतात तेव्हा तो फोन माझ्या हातात होता. तेव्हापासून मी वाट बघतेय. सप्टेंबरमध्ये प्रश्न विचारला तेव्हाही उत्तर माझ्याजवळ होतं.

तुम्ही विचाराल, मग वर्षभर गप्प का बसलात, माझी कॉलर का धरली नाहीत. ते आता लिहिते. हे सिद्धीला माहीत नाही.

तुमच्या नावाच्या वर आणखी एक नाव होतं. माझं. नऊ वाजून दोन मिनिटं. तुम्ही त्याला मला सांगू नको म्हणालात, आणि त्यानं तुमचं ऐकलं नाही, भावजी. बारा मिनिटांत त्यानं मला फोन केला. मी काउंटरवर होते, समोर पाच माणसांची रांग. एका आजोबांना जिभेखालचा स्प्रे दिला होता आणि छातीत दुखलं तर किती वेळा मारायचा, कधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, हे समजावत होते. फोन अ‍ॅप्रनच्या खिशात थरथरला. काढून नाव बघितलं. वाटलं, व्हॅन ओढताना लावायच्या आरशांचं काहीतरी विचारत असेल, सकाळपासून तेच चाललं होतं. मी फोन कट केला आणि आजोबांना पुढचं सांगितलं.

तुम्हाला विचारायचं तर मला माझा फोन दाखवावा लागला असता. म्हणून मी तुमचं खोटं सांभाळलं आणि त्याच्या आड माझं. तुम्ही रोज मनात मला घाबरत होतात, आणि मला वाटत होतं, बरं आहे, दोषी माणूस एक आहे आणि तो हॅमिल्टनला आहे. हे लिहिताना फार लाज वाटतेय.

अजून आहे. मी फोन कट केल्यावर त्यानं व्हॉइस मेसेज ठेवला. छत्तीस सेकंदांचा. डबा खाताना ऐकू म्हटलं, आणि एक वाजता शेजारीणबाईंचा फोन आला. मी तो अजून ऐकलेला नाही. आपल्या दोघांच्या चॅटमध्ये सगळ्यात खाली तो आहे आणि त्याच्यानंतर मी काहीच लिहिलेलं नाही. रोज उघडते, बघते, बंद करते. त्यात तो मदत मागत असेल तर मी जगू कशी? आणि ऐकून टाकला तर त्याला मला सांगायचं काही उरलंच नाही. पंपाचं बोलणं मी म्हणून ऐकत बसत होते. ते नळाचं निघालं. हे मात्र त्याचंच आहे.

केपला मी हा ऐकायला चालले होते. एकटीनं ऐकवत नाही. तुम्ही या.

वसुंधरा


हॅमिल्टन
६ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,

रजा टाकली. शुक्रवारी दुपारच्या विमानानं वेलिंग्टनला येतो, हॅमिल्टनपासून नको, घरापासूनच गाडी आपण दोघं मिळून नेऊ. नवा वॉशर आणि होस बरोबर आणतोय. टाकी मी रिकामी करेन, तुम्ही बघू नका हवं तर.

तुम्ही फोन कट केला नसतात तरी, असं काहीतरी लिहायला बसलो होतो. तुम्हीही मला तसं काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही नाही.

हरीश


लोअर हट
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय हरीशभावजी,

पोचले हे तुम्हाला माहीतच आहे, दर दोन तासांनी मेसेज करून मला वेड लावलंत. तायहापेला पाऊस लागला आणि डेझर्ट रोडवर वाऱ्यानं व्हॅन एकदा हलली. मी ब्रेक न मारता पाय हळूच उचलला, जसं शिकवलं होतं तसं. हॅमिल्टन ते लोअर हट, एकटी. मुग्धाला सांगा, तिच्या चकल्या ड्राइव्हवेत शिरेपर्यंत पुरल्या. वर्ष सरल्यावरची पहिली दिवाळी तुमच्याकडे झाली, हे फार बरं झालं.

व्हॅन पुन्हा तिथेच उभी आहे, कव्हर न घालता. तुम्ही वॉशर बदललात, टाकी धुतलीत, तरी परवा संध्याकाळी पंप एकदा वाजला. मी बघायला गेले नाही. वाजू दे.

केपला दीपगृहाखाली उभे होतो तेव्हा मी पर्समधून फोन काढला, तुम्ही पाहिलंत आणि पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिलात. मग मी तो परत ठेवला, आणि परतीच्या वाटेवर आणि दिवाळीतही तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. त्याबद्दल तुमचे उपकार मानते. तिथे दोन समुद्र एकमेकांवर चढत होते आणि आरोहाचं म्हणणं आठवत होतं. ही त्यांच्या माणसांची वाट, त्यांच्या रांगेत आपला माणूस कशाला घुसवा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर धीर झाला नाही.

काल दुपारी मेसेज ऐकला. व्हॅनमध्ये, त्या बाकावर बसून. तुम्हाला ऐकवायलाही हवा, पण आधी लिहून देते, म्हणजे तुम्ही बसून वाचाल. शब्दाला शब्द असा आहे:

"वसू, मी. टाकी भरली. जरा दमलोय. हरीशला फोन केला होता, तो म्हणतो अ‍ॅसिडिटी, पड म्हणून. घाबरलाय बिचारा, त्याला काही बोलू नकोस. पडतो मी. तू फोन उचलला नाहीस ते एका परीनं बरं झालं. आवाजावरून ओळखलं असतंस आणि लगेच सगळं रद्द केलं असतंस. शुक्रवारी निघायचंय गं आपल्याला. सावकाश ये, घाई नाही."

मग थोडा वेळ नुसता श्वास आहे. दूर कुणाच्या तरी लॉन मोअरचा आवाज. मग संपतं.

मी तो सात-आठ वेळा ऐकला. तुम्हाला काही बोलू नकोस असं त्यानं स्वतः सांगून ठेवलंय, तेव्हा तुमचं ते ओझं आज उतरवून ठेवा. माझं तसं उतरणार नाही. मी फोन उचलला असता तर ओळखलं असतं, हे त्यानंच सांगितलंय आणि ते खरं आहे. रडू येईल म्हणून बसले होते, पण आला तो राग. वर्षभर मी त्याला घाबरले, त्याची दया केली, त्याला सोडवायला हजार किलोमीटर नेलं. आणि हा माणूस पायरीवर बसून, हाताला मुंग्या आलेल्या, कशाला घाबरत होता? मरणाला नाही, मला. व्हॅनचं दार आपटून मी बाहेर आले आणि ड्राइव्हवेत उभी राहून मोठ्यानं त्याला बोलले. शेजारीणबाईंनी पडदा सरकवला. सरकवू दे.

मग राग उतरला आणि जे उरलं ते तुम्हाला सांगते. तुमची चूक मीटिंगची होती, माझी रांगेची होती. पण तुम्ही दोघं भाऊ फोनवर एकच वाक्य बोललात, वसूला कळलं तर ती रद्द करेल. माझी काळजी तुम्हाला दोघांना पहारा वाटली. एकतीस वर्षांत मी त्याच्या किती गोळ्या मोजल्या आणि त्याला मला "दुखतंय" म्हणता येईना. हे मला कुणी सांगितलं नसतं. छत्तीस सेकंदांत त्यानं सांगितलं.

आता जे लिहिते त्यासाठीच हे पत्र आहे. ब्रिंडरविनच्या चढावर तुम्ही दोनदा काच खाली केलीत, बाहेर गारठा होता. काइतायाला व्हॅन गाडीपासून सोडवताना तिच्या पुढच्या टेकूच्या चाकाचा दांडा फिरवता फिरवता थांबलात आणि बूट बांधायच्या निमित्तानं खाली बसलात. रोज जेवण झालं की खिशातून अँटासिडची गोळी काढायचात आणि मी बघतेय का ते बघायचात. मी बघत होते. बोलले नाही, कारण केप राहिलं असतं, आणि मलाही ते राहायला नको होतं. म्हणजे या वेळी मीही तुमच्यासारखंच केलं.

पत्र मिळताच, मीटिंग असली तरी, डॉक्टरकडे जा. मुग्धाला हे पत्र वाचायला द्या. आणि आधी मला फोन करा, मी काउंटरवर असले तरी उचलेन. कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, खरं सांगा. मी काहीही रद्द करणार नाही.

तुमची,
वसुंधरावहिनी